एकशेवीस नंबरवर थांबलेलं स्टेज

घरात नवीन फर्निचर आलं की बघायला आलेला माणूस आधी काय करतो, ते एकदा नीट बघा. तोंडानं "छान झालंय" म्हणायच्या आत त्याचा हात पुढं येतो. तळवा टेबलावरून नाहीतर कपाटाच्या दारावरून लांबवर फिरतो. मग तो विचारतो, "सुतार कोण?" लाकूड सुतारानंच कापलं, जोडलं, उभं केलं, तेव्हा नाव त्याचंच निघणार. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तो जो हात फिरतो ना, तो माझ्या कामावरून फिरत असतो. मी घासणारा.

माझं नाव मल्लिनाथ. सोलापुरातली माणसं मल्लूअण्णा म्हणतात. गाव अक्कलकोटच्या पुढं, हद्दीजवळ. घरात कन्नड, दारात मराठी. शहरात आलो तो सुतारकाम शिकायला. पण माझी करवत कधी सरळ गेलीच नाही. रेघ एकीकडं, कापणी दुसरीकडं. शेवटी उस्तादांनी हात जोडले. म्हणाले, "मल्लू, तू कापू नको बाबा. तू घास." तेव्हापासून घासतोय.

सुरुवातीला सगळं हातानं चालायचं. लाकडाच्या ठोकळ्याला पॉलिशपेपर गुंडाळायचा आणि लाकडाच्या रेषांच्या दिशेनं पुढं-मागं करायचं. एका पलंगाला दोन-दोन दिवस. त्या वर्षांनी माझ्या बोटांच्या रेषाच पुसून टाकल्या. आता रेशनच्या दुकानातली मशीन माझा अंगठा घेत नाही. दुकानदार दर वेळी तेच म्हणतो, "अण्णा, मशीनच्या हिशेबानं तुमी हायच न्हाय." मी म्हणतो, "मग गहू कुणाला देतोयस?" रांगेतली माणसं हसतात, तो पुन्हा एकदा अंगठा पुसायला सांगतो, आणि शेवटी कसंबसं जमतं.

मग ऑर्बिटल सँडर आला. नाव मोठं असलं तरी वस्तू एका हातात मावते. खाली गोल रबरी तवा असतो, त्याला वेल्क्रोनं पेपरची चकती चिकटते. बटण दाबलं की तवा गोल फिरतो, आणि फिरता फिरता जागेवरच इकडंतिकडं डुलतोसुद्धा. सगळी गंमत या डुलण्यात आहे. नुसता गोल फिरणारा ग्राइंडर लाकडाला खड्डा पाडतो. याचा एक दाणा एका वाटेनं दोनदा जात नाही, त्यामुळं ओरखडा एका जागी साठत नाही.

नवख्या माणसाची पहिली चूक म्हणजे तो मशीनवर जोर देतो. जोर दिला की डुलणं थांबतं आणि लाकडावर बारीक बारीक वेटोळी उमटतात. आम्ही त्यांना जिलब्या म्हणतो. कोरड्या लाकडावर त्या दिसत नाहीत. पॉलिशचा पहिला हात बसला की सगळं ताट समोर येतं! मशीनचं स्वतःचं वजन पुरतं. आपण फक्त तिला फिरायला न्यायचं, सावकाश, म्हाताऱ्या माणसाला बागेत नेतो तसं.

आणि चकत्या. नंबर लहान तर दाणा जाड, नंबर मोठा तर दाणा बारीक. साठ आणि ऐंशी नंबर जुना रंग काढायला, एकशेवीस लाकूड सपाट करायला, एकशेऐंशी आणि दोनशेवीस पॉलिशच्या आधी. साठवरून एकदम दोनशेवीसवर उडी मारायची नाही. साठचे ओरखडे काढायची ताकद दोनशेवीसमध्ये नसते. तो त्यांच्यावर नुसता हात फिरवतो. चकतीला भोकं असतात ती तव्याच्या भोकांवर बसवायची, म्हणजे धूळ आत ओढली जाते. नंबर बदलताना आधीची धूळ पुसून घ्यायची, कारण जाड चकतीचा एखादा दाणा मागं राहिला तर तो पुढचं सगळं काम ओरबाडतो. झालं, एवढीच माझी विद्या. बाकी सगळं माणसांचं.

माणसं म्हणजे कशी, ते मोहोळच्या एका हॉटेलवाल्यांवरून सांगतो. त्यांनी घराचा मुख्य दरवाजा घासून पॉलिश करायला मला बोलावलं. "बर्मा टीक हाय अण्णा, सांभाळून," असं चहाच्या आधी एकदा आणि चहानंतर एकदा सांगितलं. मी दरवाज्यावर टिचकी मारली. आवाज काही बर्माचा वाटला नाही. म्हटलं, आधी खालच्या कोपऱ्यात बघू. मशीन टेकवली आणि उचलली, तर रुपयाएवढी जागा पांढरी भुसभुशीत. वरच्या रेषा, गाठी, सगळं कागदावर छापलेलं होतं.

मी म्हणालो, "साहेब, हे लाकूड न्हाय. लाकडाचा फोटो हाय."

ते खाली वाकले, बघितलं, आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. मला वाटलं आता चिडणार. उठले ते हसतच. हळूच म्हणाले, "फोटो चांगला आलाय की. राहू द्या. घरात सांगू नका, हिनंच पसंत केलाय." त्या पांढऱ्या जागेवर मी तपकिरी रंगाचा ठिपका दिला आणि वर एक गाठ काढून दिली. दरवाज्यातली ती एकच गाठ हातानं केलेली असेल.

पण मला सांगायचंय ते स्टेजचं.

आमच्या पूर्व भागात एक सभागृह आहे. लग्नाची रिसेप्शनं, शाळांची स्नेहसंमेलनं, निवृत्तीचे निरोप, सगळं तिथंच होतं. एका दुपारी माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये एक बाई आल्या. पन्नाशीच्या, ताठ, केसांत मोगरा. मी डोक्यापासून पायापर्यंत धुळीनं पांढरा. त्यांनी मला बघितलं आणि सरळ मुद्द्यावर आल्या.

"लाकडाची जमीन घासता का?"

"टेबल घासतो, दारं घासतो. जमीन कुणी सांगितली नाही अजून."

"आता मी सांगतेय."

या पद्मावती टीचर. सूत गिरणीत कामाला आलेल्या तेलुगू घराण्यातल्या. भागातल्या मुलींना कुचिपुडी नाच शिकवतात. त्यांच्या क्लासचा वार्षिक कार्यक्रम त्या सभागृहात होतो. मागच्या वर्षी नाच चालू असताना लावण्या नावाच्या मुलीच्या तळपायात स्टेजच्या फळीचं मोठं कुसळ घुसलं. तिनं नाच थांबवला नाही. पाय आपटत, चेहऱ्यावर हसू ठेवून पूर्ण केला आणि आत जाऊन बसली ती उठलीच नाही. कुसळ आत मोडलं होतं. पाय पिकला, टाके पडले, महिनाभर शाळा बुडाली. तिची आई अंबूबाई विड्या वळते. तिनं टीचरना एकच वाक्य ऐकवलं, "माजी पोरगी नाचंल, पण त्या फळ्यांवर न्हाय." आणि तिला क्लासमधून काढलं.

"ती माझी सगळ्यात चांगली मुलगी आहे," टीचर म्हणाल्या. "आणि तिची आई बरोबर आहे. म्हणून तुमच्याकडं आलेय."

मी स्टेज बघायला गेलो. फळ्यांवर काळा ऑइलपेंट, एकावर एक किती थर होते देव जाणे. मधूनमधून पोपडे निघालेले, खिळ्यांची डोकी वर आलेली, फळ्यांच्या कडा फुटलेल्या. मी गुडघ्यावर बसून एका पोपड्याखाली पटाशी घातली. खाली साग! जुना, घट्ट, सोन्यासारखा साग. ज्यानं बसवला त्यानं मनापासून बसवला होता, आणि नंतरच्यांनी दर कार्यक्रमाला त्याच्यावर काळं फासलं होतं. मला एकदम त्या लाकडाची कीव आली. होय म्हणून टाकलं.

सभागृहाचे मॅनेजर बिराजदार साहेब. माणूस वाईट नाही, पण घाबरट. कमिटीला काय वाटेल, पाहुण्यांना काय वाटेल, याच काळजीत सकाळ-संध्याकाळ. पुण्याहून जमीन घासायची मोठी मशीन भाड्यानं आणू, असं मी सुचवलं तर त्यांनी कमिटीचं नाव घेऊन मान हलवली. म्हणजे ती सगळी जागा मला हातातल्या सँडरनंच घासायची होती. लोकांनी अंगण चमच्यानं सारवावं तसा प्रकार.

पहिल्या दिवशी मी साठ नंबरची चकती लावली आणि मशीन काळ्या रंगावर ठेवली. थोड्या वेळात आवाज बदलला. उलटी करून बघतो तर चकती काळी गुळगुळीत, हातात घेतली तर तव्यावर जळलेल्या डोशासारखी. घासण्यानं रंग तापून मऊ झाला होता आणि दाण्यांच्या मधल्या जागा भरून गेल्या होत्या. पेपर भरला, असं आम्ही म्हणतो. भरलेला पेपर घासत नाही, नुसता मालिश करतो. दुसरी लावली, तीही भरली. तिसरी स्वस्तातली होती. तिचं वेल्क्रो सुटलं आणि ती हवेत तरंगत तिसऱ्या रांगेतल्या खुर्चीवर जाऊन बसली, पाहुणी असल्यासारखी.

मी इक्बालभाईंच्या हार्डवेअर दुकानात गेलो. आमची ओळख मी काचपेपर घ्यायचो तेव्हापासूनची. काळ्या चकत्या काउंटरवर ठेवल्या. ते बघून म्हणाले, "क्या अण्णा, डोसे बना रहे क्या?"

"ऑइलपेंट काढतोय. सगळा पेपर भरतोय."

"तो कायकू मशीन से निकाल रहे? पहले खुरच लेव ना."

खरं तर हे मला माहीत होतं. नव्या कामाच्या उत्साहात मी लाकडाचं तोंड बघायची घाई केली होती. इक्बालभाईंनी खरवडायच्या पात्या दिल्या, आणि दाणे विरळ असलेल्या, पांढरट पूड लावलेल्या चकत्या दिल्या. दाणे विरळ असले की रंगाचा भुगा अडकत नाही, झटकला की पडतो. मग बरेच दिवस नुसतं खरवडणं चाललं. मी आणि माझा जुना जोडीदार सिद्राम, दोघं दोन टोकांना बसायचो आणि मधे येऊन शेंगाचटणी-भाकरी खायचो. खिळे एकेक करून ठोकून आत घातले, वर लांबी, म्हणजे लाकडाची पुट्टी, भरली. कारण खिळ्याचं एक डोकं वर राहिलं तर मशीन त्याच्यावरून जाताना चकती टराटरा फाटते आणि तवाही कापला जातो. त्यानंतर ऐंशी नंबर. पेन्सिलनं फळ्यांवर नागमोडी रेघा मारायच्या आणि त्या पुसल्या जाईपर्यंत मशीन फिरवायची, म्हणजे कुठली जागा राहिली ते कळतं. काळ्या स्टेजमधून सागाचा एक-एक तुकडा उजळत निघाला, तसा मी हवेत चालायला लागलो.

आणि तिथंच माझ्यातला फर्निचरवाला जागा झाला. टीचरना चकित करावं म्हणून मी स्टेजच्या मधोमध एक चौकोन तयार केला. एकशेवीस, एकशेऐंशी, दोनशेवीस, तीनशेवीस, क्रमानं सगळे नंबर फिरवले आणि वर मेणाचा एक हात दिला. दिव्याचा उजेड त्यात असा दिसायचा की वाटावं, पाणी सांडलंय. मग टीचरना बोलावलं.

त्या आल्या, चप्पल काढली, चौकोनाच्या कडेला उभ्या राहिल्या. वाकून बोट फिरवलं.

"फार सुंदर," म्हणाल्या. मी फुगलो.

"आता तुम्ही यावर उभे राहा, मल्लूअण्णा."

"मी?"

"चप्पल काढा. उजवा पाय आपटा. हं. आता डावा. आता तुमच्या मशीनसारखं गोल फिरा."

मशीनचं नाव घेतल्यावर मागं हटणं बरं दिसेना. मी हात पसरले आणि फिरलो. अर्धा फेरा ठीक झाला. उरलेला अर्धा मी बसूनच केला. दण्णकन आवाज आला, सिद्राम पडद्यामागून धावत आला, आणि मी सागाच्या त्या आरशात छताचा पंखा बघत पडलो होतो.

टीचर हसल्या नाहीत, निदान तोंडानं तरी. हात देऊन मला उठवलं. "लागलं का?"

"काम गुळगुळीत आहे, एवढं कळलं."

मग मात्र त्या हसल्या. स्टेजच्या कडेला बसून त्यांनी मला समजावून सांगितलं. नाचणारी मुलगी तळपायानं जमीन धरते. पाय आपटून थांबायचं असतं, तिथंच. एक वीतभर पुढं गेली तर गुडघा जातो. कुसळ नको हे खरं, पण घसरण त्याहून वाईट. "मला आरसा नको, अण्णा. मला जमीन पाहिजे. पायाला टोचणार नाही, पण पायाला सोडणारही नाही, अशी."

एवढी वर्षं मी हातासाठी घासत आलो होतो. जास्त गुळगुळीत म्हणजे जास्त चांगलं, यापलीकडं कधी विचारच केला नव्हता. त्या दिवशी पहिल्यांदा पायासाठी घासायचं होतं. ढुंगण दुखत होतं, पण मला खरंच मजा वाटली. साठीला आलेल्या माणसाला आपल्याच कामात नवीन काही सापडणं, हे रोज होत नाही.

मग आम्ही दोघांनी मिळून नंबर शोधला. मी तीन फळ्यांवर तीन नंबरांचे पट्टे केले, मेण न लावता. टीचर ओल्या पायानं, कोरड्या पायानं, पावडर लावलेल्या पायानं नाचून बघायच्या. त्या पाय आपटायच्या आणि मी जमिनीला डोळा लावून पाय किती सरकला ते बघायचो. ऐंशीवर पायाची साल निघेल असं त्या म्हणाल्या. एकशेऐंशीवर टाच थोडी सुटायची. एकशेवीसवर त्यांनी एक पूर्ण तुकडा नाचला, टाळ्या वाजवून स्वतःच बोल म्हणत. शेवटचा पाय पडला तो खिळ्यासारखा बसला. त्या थांबल्या, दम घेतला आणि म्हणाल्या, "हाच."

मधला तो आरसा मी स्वतःच्या हातानं मोडला. पुन्हा साठपासून सुरुवात करून एकशेवीसवर आणून सोडला, आणि बाकीचं स्टेजही एकशेवीसवर नेलं. जीव थोडा खाली-वर झाला, नाही असं नाही.

कार्यक्रम जवळ आला तसे बिराजदार साहेब अस्वस्थ झाले. कार्यक्रमाला मोठे पाहुणे येणार होते. एका सकाळी साहेब चकचकीत व्हार्निशचे डबे घेऊन हजर.

"अण्णा, हे मारून टाका. स्टेज कसं कोरडं दिसतंय की! पाहुण्यांचे फोटो निघणार."

"साहेब, व्हार्निश मारलं तर मुली घसरतील."

"अहो, कार्पेट टाकू वर."

"कार्पेटवर पाय वाजत नाही," टीचर मागून म्हणाल्या. त्या कधी आल्या ते आम्हाला कळलंच नव्हतं. "आणि कार्पेटच टाकायचं तर व्हार्निश कशाला?"

साहेब गडबडले. "मॅडम, कमिटी मला विचारणार. एवढं काम केलं आणि चमक न्हाय म्हणजे?"

टीचर माझ्याकडं वळल्या. "मल्लूअण्णा, एका फळीच्या तुकड्यावर व्हार्निश मारा. साहेबांना फिरून दाखवा."

मी चप्पल काढायला वाकलो. पुन्हा पडायची माझी पूर्ण तयारी होती. सिद्रामनं तर जाऊन गादी आणायची तयारी दाखवली. बिराजदारांनी माझ्याकडं बघितलं, माझ्या वयाकडं बघितलं, आणि हात वर केले. "नको, नको. तुमचं हाड मोडलं तर तेही कमिटीला मलाच सांगावं लागंल." शेवटी ठरलं असं, की कार्यक्रम होईपर्यंत स्टेजला काहीही लावायचं नाही. नंतर न चमकणारं, न घसरणारं मॅट कोटिंग मारायचं. डबे माघारी गेले.

आता राहिल्या अंबूबाई.

टीचरनी त्यांना स्टेज बघायला बोलावलं. सकाळच्या वेळी त्या आल्या. सूप आणि तंबाखू घरीच ठेवून, पण बोटांना वास होता. शेजारी लावण्या, चौदा-पंधरा वर्षांची, हाताची घडी घालून. अंबूबाई थेट स्टेजवर चढल्या, पदर खोचला आणि खाली बसल्या. आणि एका टोकापासून दोन्ही तळवे फळ्यांवरून फिरवत निघाल्या. फळी संपली की पुढची फळी. मी खाली उभा. कित्येक शेठजींनी माझ्या कामावरून हात फिरवला असेल, पण असं फळी न फळी कुणी तपासलं नव्हतं. सिद्राम कानाशी पुटपुटला, "अण्णा, ही बाई सगळं स्टेज बघणार व्हय?"

सगळं बघितलं. डाव्या बाजूला, जिथं पायऱ्या स्टेजला मिळतात, तिथं त्यांचा हात थांबला.

"हितं हाय."

मी धावलो. पायरीच्या खोबणीचा कोपरा. आमची चकती गोल, आणि कोपरा चौकोनी. गोल चकती कोपऱ्यात कधीच पोचत नाही. तिथं हातानंच घासावं लागतं. बाकीचे कोपरे मी केले होते, हा राहिला होता. एक कुसळ, केसासारखं, पण होतं. मी खिशातून पेपर काढला, बोटाला गुंडाळला आणि त्यांच्या समोरच बसून घासायला लागलो. त्या तिथंच बसून राहिल्या. मधेच विचारलं, "दुसऱ्या बोटानं का करत न्हाई?"

"सगळी झिजलीत, बाई. या एकाला अजून कळतं."

त्यांनी आपला हात पुढं केला. पानं कापून कापून त्यांच्याही बोटांच्या रेषा गेलेल्या. "आमचाबी अंगठा मशीनमदी येत न्हाई," म्हणाल्या. आम्ही दोघं हसलो. कोपरा झाल्यावर त्यांनी पुन्हा हात फिरवला, मग उठल्या, आणि लावण्याला तेलुगूत काहीतरी म्हणाल्या. मला तेलुगू थोडंफार कळतं. त्या म्हणाल्या होत्या, "जा. पाय आपट बघू."

लावण्या हळूच स्टेजवर आली. पहिलं पाऊल तिनं असं टाकलं, जसं कुणी गरम दुधात बोट घालून बघतं. दुसरं थोडं जोरात. मग उजव्या पायानं जे आपटलं, त्या रिकाम्या सभागृहात आवाज घुमला. तिनं आईकडं बघितलं. अंबूबाई पदर सोडत म्हणाल्या, "क्लासची वेळ काय आता?"

कार्यक्रमाला मी बायकोला घेऊन गेलो. महादेवी नवं लुगडं नेसली होती आणि मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. तिच्या मते लग्नानंतर पहिल्यांदाच मी धुळीशिवाय दिसत होतो. पाहुण्यांचं भाषण लांबलं, हार झाले, फोटो झाले. मग पडदा उघडला. सगळं सभागृह मुलींच्या चेहऱ्यांकडं, हातांकडं, कपड्यांकडं बघत होतं. मी फक्त पाय बघत होतो. लावण्या मागच्या रांगेतून नाचत नाचत पुढं आली, गोल फिरली, आणि थांबली. जिथं थांबायचं तिथंच. बायको टाळ्या वाजवत म्हणाली, "चेहरा बघा की तिचा!" मी वर बघितलं तोवर तिचं नमस्कार करणं चाललं होतं.

लोक गेले, दिवे कमी झाले, तशी बिराजदार साहेबांची हाक आली. "अण्णा! इकडं या लवकर. स्टेजचं काय झालं बघा!"

मी धावत वर गेलो. सगळ्या स्टेजवर लाल पावलं. मुलींनी तळपायाला अळता लावला होता. घामानं तो ओला झाला आणि कोरड्या, उघड्या लाकडानं पिऊन टाकला. शेकडो पावलं, एकात एक मिसळलेली. साहेबांचा चेहरा पडला होता. "आता हे निघतं का?"

"निघतं की. एकशेवीसचीच चकती, हलका हात."

असं म्हणत मी सवयीनं गुडघ्यावर बसलो आणि मोबाइलचा टॉर्च आडवा धरला. ओरखडे बघायला धरतो तसा. पाऊल घसरलं की ठसा ओढला जातो, त्याला शेपटी फुटते. मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रांगत गेलो. बोटं वेगळी, टाच वेगळी, कडा स्वच्छ. एकाही पावलाला शेपटी नव्हती. टीचर आतून येऊन माझ्यामागं उभ्या होत्या. त्यांनाही ते दिसलं होतं.

बिराजदार साहेबही वाकले. आधी कंबरेत, मग चक्क मांडी घालून बसले. एका ठशाशेजारी आपला हात ठेवून बघितला. पाऊल हातापेक्षा लहान होतं.

"सगळं काढावंच लागंल?" त्यांनी विचारलं.

"तुमी सांगाल तसं, साहेब."

त्यांनी ठशावरून एकदा बोट फिरवलं. मग मागच्या पडद्याकडं बोट करून म्हणाले, "ती पडद्यामागं आत गेलेली रांग राहू द्या. कमिटी काय तिकडं जात न्हाय."

पुढच्या आठवड्यात मी आणि सिद्रामनं पुढचा सगळा भाग घासून घेतला. पडद्यामागची रांग तशीच ठेवली आणि तिच्यावरूनच मॅटचा हात दिला. पडदा उचलून बघितल्याशिवाय ती दिसत नाही.